मोहने ते मोहने, व्हाया ठाणे

आमच्या घराला खोल्या दोन. आतल्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. इतकी वर्षं नव्हती, कारण गरजच पडली नव्हती. ती अण्णांनी बसवली. अण्णा म्हणजे माझे वडील, कल्याणजवळच्या मोहने गावच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं फिटर. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हात थरथरत असताना, चार स्क्रू पिळून त्यांनी ती बसवली. कशासाठी? तर त्यांच्या सुनेला आणि नातीला त्यांच्या मुलापासून आत निवांत झोपता यावं म्हणून. तो मुलगा मी.

मी शाळेत असताना कारखान्याचं काम थांबलं. त्यानंतर अण्णा खांद्याला पिशवी अडकवून दारोदार फिरले. कुकरच्या शिट्ट्या, स्टोव्ह, छत्र्या, चपला, जे मोडेल ते जोडून द्यायचे. आई दोन घरची धुणी धुवायची. रात्रीच्या भाजीत पाणी किती घातलंय हे आम्ही विचारत नव्हतो, आणि ती सांगत नव्हती. एवढं करून त्यांनी मला कल्याणच्या कॉलेजात घातलं आणि मी बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यात पहिला. आमच्या पारनेरकडच्या भावकीतही पहिला. अण्णांनी चाळीत पेढे वाटले, आणि पदवीची फ्रेम देवाच्या फोटोशेजारी लावली. वर्षानुवर्षं त्या काचेत बघून मी भांग पाडला. पुढे त्याच काचेत डोळे किती लाल झालेत ते बघायला लागलो.

नोकरी एका शाळेच्या ऑफिसात. पोरांचे दाखले लिहितो. माझं अक्षर चांगलं आहे, हे मी सांगत नाही, लोक सांगतात. पण संध्याकाळी शाळा सुटली की मी कुठे सुटायचो, हेही लोकच सांगत.

माझी मुलगी श्रुती दहावी झाली त्या दिवशी मी दुपारी पेढे आणायला म्हणून निघालेलो. संध्याकाळी सहाला आलो तो पेढ्यांशिवाय. श्रुतीच्या हातात मार्कांची प्रिंट होती. ती मी घेतली, "माझ्या बी.कॉम.पुढे हे काय?" असं म्हणालो, आणि फाडली. ती आत पळाली, दार लोटलं. मी लाथ घातली. फळी चिरली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी फळीला पट्टी मारली, आणि मग ती कडी.  स्क्रू ड्रायव्हर मलाच आणून द्यायला लावला.

त्या संध्याकाळी सुनीता, माझी बायको, भाकरी थापता थापता म्हणाली, "दारू सोडलेल्यांच्या मिटिंगा असतात म्हणे. एक धरा. कुठलीही. पण धरलेली सोडू नका. कडीचं मग बघू."

तिथून हा प्रवास सुरू झाला. लोक काश्मीरला जातात आणि परत येऊन चार पानं बर्फ लिहितात. सिंगापूरला जाऊन रस्ते किती स्वच्छ ते आपल्याला ऐकवतात. मी ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात हिंडलो, आणि जे पाहिलं ते सिंगापूरवाल्यांच्या बापाला दिसायचं नाही. ज्यांच्यावर तिथे जायची वेळ आली नाही, त्यांच्यासाठी लिहितो. गाडीत कसा गेलो ते लिहीत नाही. गाडी सगळ्यांनी पाहिलेली आहे.

ठाणे

ठाणं का? तर लांब म्हणून. मोहन्यातलं कुत्रंसुद्धा मला चालीवरून ओळखतं. तिथे मिटिंगला जायचं म्हणजे अब्रू जायची. एका रिक्षाच्या पाठीवर चिकटवलेला मिटिंगांचा नंबर लावला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "तुम्हाला सोयीची कुठली?" मी म्हणालो, "जिथे मला कोणी ओळखत नाही ती."

घोडबंदर रोडवरची सोसायटी. मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी शेवटचा मजला दिसेना. या मिटिंगांचा एक नियम असतो, तो आधी सांगतो. तिथे कोणी कोणाचं आडनाव विचारत नाही, गाव विचारत नाही, आणि तिथे पाहिलेलं बाहेर बोलत नाही. चांगला नियम आहे. पण त्या नियमापर्यंत पोचायच्या आधी गेटवर वॉचमन बसला होता, आणि त्याच्यापुढे वही. नाव, आडनाव, मोबाइल, कुठून आलात, कोणाकडे, आणि शेवटचा रकाना, कारण.

मी बी.कॉम. माणूस. रकाना रिकामा सोडवत नाही. लिहिलं, "लग्नाची बोलणी."

वॉचमनने वाचलं. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग लांब उभ्या असलेल्या दुसऱ्या वॉचमनला ओरडून म्हणाला, "अरे, वो दारूवाली मिटिंग का एक और आया!"

मी म्हटलं, "अहो, मी काय लिहिलंय ते तरी बघा."

"काका, सगळे हेच लिहितात," तो म्हणाला. "दर मंगळवारी दहा-बारा लग्नं जमतात इकडे. क्लब हाऊस, दुसरा मजला. चप्पल बाहेर काढा."

आत एसी. खुर्च्या गोल मांडलेल्या. एका काचेच्या भांड्यात पाणी आणि त्या पाण्यात पुदिन्याची पानं आणि लिंबाच्या चकत्या. आमच्याकडे असं पाणी बाळंतिणीलासुद्धा देत नाहीत. बिस्किटं सात धान्यांची होती. एका धान्याचीही चव लागली नाही.

कॉलरचा टी-शर्ट घातलेले एक गृहस्थ बोलायला उठले. सगळे त्यांना सर म्हणत होते. आडनाव नाही, गाव नाही, पण सर आहे. ते सांगत होते की माणसाला आपला तळ दिसावा लागतो, मग तो वर येतो. त्यांचा तळ असा, की एका संध्याकाळी त्यांनी पिऊन सोसायटीच्या आवारात गाडी घातली ती थेट कुंड्यांवर. सहा कुंड्या फुटल्या, आणि त्यांना कमिटीला लेखी माफी द्यावी लागली. हे सांगताना ते रडले. सगळ्यांनी एका सुरात इंग्रजीत त्यांचे आभार मानले, शिशुवर्गात गुड मॉर्निंग म्हणतात तसे.

सहा कुंड्या! आमच्या मोहन्यात ह्याला तळ म्हणत नाहीत. ह्याला म्हणतात, आज जरा कमी झालेली दिसतेय.

माझी पाळी आली. तिथे उभं राहून आधी एक वाक्य बोलायचं असतं. मी अमुक, आणि मी दारुडा आहे. सगळे बोलत होते, नाव सांगितल्यासारखे सहज. मी म्हणालो, "मी विलास. मी ऐकायला आलोय."

असे तीन मंगळवार ऐकले. त्या तीन आठवड्यांत प्यायलो नाही, हेही लिहिलं पाहिजे. पण त्याचं श्रेय पुदिन्याच्या पाण्याला द्यायला माझं शिक्षण आड येतं.

चौथ्या मंगळवारी दार उघडलं आणि पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात अंगठ्याएवढी साखळी असा बाळाराम आत आला.

बाळाराम म्हणजे आमच्या मोहन्याचा. तिथला मूळचा. ज्या जमिनीवर आज टॉवर आहेत तिथे ह्याच्या आजोबांचा भात व्हायचा. चौथीपासून दहावीपर्यंत माझ्या मागच्या बाकावर बसला, माझी गणितं उतरवली आणि तरीही नापास झाला. मग जमिनी गेल्या, पैसा आला, त्याच्या दारात काळी गाडी उभी राहिली. मी नाक्यावर दहा जणांत म्हणायचो, "पैशाने डिग्री येत नाही." तो हसायचा आणि मला बी.कॉम. म्हणूनच हाक मारायचा. "काय बीकाम, बरा हाय ना?" पंचवीस वर्षं आमचा एवढाच संवाद.

आणि आता हा ह्या मिटिंगला. म्हणजे मी तिथे आहे हे उद्या सकाळी मोहन्याच्या नाक्यावर.

तो वाकून पाणी घेत होता. मी खुर्च्यांच्या मागून, भिंतीला पाठ लावून, संडासला जातोय असं तोंड करून बाहेर सटकलो. बाहेर चपलांची घडवंची. पायाला जे लागलं ते घातलं आणि जिन्याने खाली. गेटवर वॉचमन म्हणाला, "काय काका, मोडलं का लग्न?"

स्टेशनजवळ आल्यावर पायाकडे लक्ष गेलं. पायात चामड्याच्या, मऊ, परदेशी दिसणाऱ्या सँडल्स. त्या सरांच्या असणार. आणि माझ्या चपला तिथे. त्यांचा उजवा अंगठा तुटलेला, तो अण्णांनी तांब्याचा रिव्हेट ठोकून बसवलेला. तसा रिव्हेट ठोकणारा माणूस आख्ख्या कल्याण तालुक्यात एकच आहे.

डोंबिवली

ठाणं सुटलं. सुनीताला सांगितलं, "ती मिटिंग आपल्यासारख्यांची नाही."  आतल्या खोलीत श्रुतीच्या अकरावीच्या पुस्तकांवर रोज दिवा जळायचा, आणि दिवा विझायच्या आधी कडी वाजायची. रोज.

डोंबिवली पूर्वेला एका शाळेच्या वर्गात दर शुक्रवारी मिटिंग असते असं कळलं. डोंबिवली म्हणजे सुशिक्षितांचं गाव. आपली माणसं भेटतील, असं मनात घेऊन गेलो.

साडेसहा म्हणजे साडेसहा. सहा बत्तीसला पोचलो तर दार लावलेलं. ठोठावल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं आणि मला काही न बोलता भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. ह्यांना सगळे नाना म्हणत. रिटायर्ड हेडमास्तर. बाक पहिलीतल्या पोरांचे. गुडघे हनुवटीला लावून अकरा मोठे बाप्ये बसलेले. चहा बरोबर अर्धा कप, आलं मात्र घसघशीत. चहाला नाव ठेवत नाही.

मग नानांनी वही उघडली आणि मागील सभेचं इतिवृत्त वाचलं! इतिवृत्त! जिथे पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, तिथे झालेलं लिहून ठेवतात, वाचतात आणि त्याला अनुमोदन घेतात. "श्री. व. यांनी पत्नीस मारहाण केल्याचे कबूल केले. श्री. स. यांनी अश्रू ढाळले. आभारप्रदर्शनानंतर सभा संपली." एकाने हात वर करून दुरुस्ती सुचवली, की आपण अश्रू ढाळले नव्हते, सर्दी होती. दुरुस्ती मंजूर झाली.

प्रत्येकाला तीन मिनिटं. तीन झाली की नाना घंटी मारत. एक बिचारा मुलाच्या मुंजीत आपण काय केलं ते सांगत होता, भटजींपर्यंत आला आणि टण्. बसला. भटजींचं काय झालं ते अजून मला कळलेलं नाही.

बाजूच्याला मी हळूच विचारलं, "तुम्ही डोंबिवलीतच कुठे?"

"मी? छे हो. मी नौपाड्याचा. ठाण्याचा."

"ठाण्यातही आहे की मिटिंग."

"तिथे ओळखीचे निघतात ना."

मागे विचारलं. तो अंबरनाथचा. त्याच्या पलीकडचा मुलुंडचा. नाना स्वतः कल्याणचे, पारनाक्याचे. मी मोठ्याने विचारलं, "अहो, ह्यात डोंबिवलीचं कोणी आहे का?"

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. मग नाना म्हणाले, "एक होते. ते हल्ली बदलापूरला जातात. इथे त्यांना त्यांचे व्याही भेटले."

म्हणजे बघा! ठाण्याचा डोंबिवलीला, डोंबिवलीचा बदलापूरला, मोहन्याचा ठाण्याला. आख्खा जिल्हा संध्याकाळी तोंड लपवून एकमेकांच्या गावाला निघालेला, आणि जो तो दुसऱ्याच्या गावात आपल्याच माणसाच्या मांडीला मांडी लावून बसलेला. जगात दुसरीकडे कुठे ही अक्कल असेल असं वाटत नाही.

माझी पाळी आली. नाना म्हणाले, "बोला."

मी उभा राहिलो. बाकात गुडघा अडकलेला, तसाच. म्हणालो, "मी विलास. मी बी.कॉम. आहे."

मागे कोणी तरी खुसकन हसलं.

"पदवी नंतर," नाना म्हणाले. "आधी ते वाक्य."

"कुठलं वाक्य?"

"जे इथे प्रत्येकाने म्हटलं ते. पहिलीतल्या बाकावर बसलायत, धडा पहिलाच घ्यावा लागेल."

"माझ्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट आहे. माझ्या बापाने..." आणि टण्. घंटी.

तीन मिनिटं झालीच नव्हती. मी पाय सोडवून घेतला आणि निघालो. नाना मागून म्हणत होते, "अहो, थांबा, बसा," पण मी थांबलो नाही. माझा अपमान झाला होता, आणि अपमान झाला की कुठे जायचं हे मला पाठ होतं. रिक्षावाल्याला म्हणालो, "मानपाडा रोड." तिथल्या बारचा पत्ता त्याला सांगावा लागला नाही.

एक महिना पाच दिवस झालेले. पहिल्या घोटाला वाईट वाटलं, दुसऱ्याला नाही. मिटिंगवाल्यांना शिव्या घालत चार पेग झाले. शेजारच्या टेबलावरचा माणूस मान डोलवत ऐकत होता. त्याच्यासारखा श्रोता मला एकाही मिटिंगमध्ये मिळाला नाही. त्याचे पैसेही मीच दिले असणार.

घरी पोचलो तेव्हा टीव्हीवर नऊच्या बातम्या चालू होत्या. बाहेर पायरीवर सँडल काढायला वाकलो आणि आतून कडीचा आवाज आला. अजून मी घरात पाऊल टाकलं नव्हतं. माझ्या वाकण्याच्या आवाजावरून पोरीने ओळखलं होतं.

अण्णा स्टुलावर बसलेले. त्यांनी वास घेतला नाही, डोळे पाहिले नाहीत. पायरीकडे बोट केलं. "ह्या कोणाच्या?"

"बदलल्या."

"माझा रिव्हेट होता त्यात."

"हो."

"शोध," ते म्हणाले आणि टीव्ही बंद केला.

सकाळी सुनीताने चहा समोर आदळला. "धरलेली सुटली ना?"

"ती धरण्यासारखी नव्हती. तुला काय कळणार तिथे काय चालतं ते! एक एसीत रडतो, एक घंटी मारतो..."

"अहो, तुम्हाला दारू कुठलीही चालायची," ती म्हणाली. "देशी चालायची, उधारीची चालायची, दुसऱ्याच्या ग्लासातली चालायची. मिटिंग मात्र निवडून पारखून पाहिजे."

मी ग्रॅज्युएट, ती नववी. सांडलेला चहा मीच पुसला.

ठाकुर्ली

म्हणून ठाकुर्ली. डोंबिवली आणि कल्याणच्या मधलं, दोघांनाही फारसं न लागणारं स्टेशन. स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर खोली, शनिवारी सात वाजता. मी स्वतःला बजावून आलेलो, की आज घंटी वाजवा, पुदिना पाजा, काहीही करा, मी उठणार नाही.

खोलीला कुलूप.

दारावर खडूने लिहिलेलं, "चावीवाला आला नाही." एवढंच. का आला नाही हे लिहायची गरज नव्हती. दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगचा चावीवाला शनिवारी संध्याकाळी कुठे अडकतो हे कळायला बी.कॉम. लागत नाही.

आणि दारासमोरच्या पायरीवर, कागदातली कांदाभजी खात, बाळाराम बसलेला. शेजारी प्लास्टिकची पिशवी.

"काय बीकाम," तो म्हणाला, "आज कुटं पलनार? मागं भिंत हाय."

मी पळालो नाही. मागे खरंच भिंत होती.

त्याने पिशवी पुढे सरकवली. आत माझ्या चपला. तांब्याचा रिव्हेट घासून चकचकीत केलेला.

"ठाण्याला तू निसटलास. मी रॅकवर बघतंय तर ह्या. म्हटलं, ह्यो अण्णांचा हात. माज्या बायकोच्या कुकरला पन असाच हाय. म्हंजे बीकाम इकडं येतो."

"मग घरी आणून द्यायच्या होत्यास."

"येडा हायेस काय? तुज्या घरी चपला आनून देनार, म्हंजे सगली चाल इचारनार, कुटं भेटल्या. काय सांगू? पुन्यांदा ठाण्याला गेलो, तू नाय. काल डोंबिवलीला उशिरा पोचलो, ते म्हातारं बोललं, बीकाम येऊन गेले, रागावले. आज इकडं. तीन ठिकानी तुज्या चपला घेऊन फिरतंय मी, पादुका फिरवल्यासारका."

मला हसू आलं. पंचवीस वर्षांत ह्या माणसाच्या बोलण्यावर मी पहिल्यांदा हसलो, ते तोंड फिरवून.

"कोणाला बोलू नको हां मोहन्यात," मी म्हणालो. "मी मिटिंगला जातो ते."

बाळारामने भजीचा कागद चुरगळला, खिशात घातला. मग माझ्याकडे नीट बघितलं. "सगल्या मोहन्याला म्हाईत हाय तू पितंस ते. नाक्यावर पडलास, गटारात पडलास, गनपतीच्या मांडवात पडलास. मना तर पोरांनी पोत्यासारका उचलून घरी टाकलाय. पिताना आपन लपलो नाय. सोरताना लपतंय. कोनापासून?"

मी चार शिकलेली वाक्यं शोधत होतो. 

"जाऊ दे," तो म्हणाला. "आलोय तर मिटिंग करू. दोगं हाव. दोगांची पन होते." आणि त्या कुलूपबंद दारासमोर, पायरीवर बसल्या बसल्या, त्याने हात जोडले. "मी बाळाराम. मी बेवडा हाय. सतरा दिवस झाले." मग सांगायला लागला. त्याच्या थोरल्या मुलाचा साखरपुडा होता, आणि मुलीकडच्यांनी एक अट घातली होती. नवऱ्या मुलाच्या बापाला त्या दिवशी घरी ठेवा. मुलाने अट मान्य केली. काळी गाडी घेऊन सगळे गेले, हा एकटा घरी. "फुलं आनलेली मी," तो म्हणाला. "फुलं गेली. मी नाय." त्याला घंटी मारायला तिथे कोणी नव्हतं. दोन गाड्या येऊन गेल्या तरी तो बोलत होता.

मग म्हणाला, "बोल."

सहा कुंड्या मला आठवल्या. मी त्यांना हसलो होतो. माझ्या खात्यात किती कुंड्या होत्या, ते मी कुठेच बोललो नव्हतो.

"मी विलास," मी म्हणालो. पुढे जे आलं ते बी.कॉम. नव्हतं. "मी दारुडा आहे. मी माझ्या पोरीची मार्कांची प्रिंट फाडली. काल पुन्हा प्यायलो. एक दिवस झालाय. माझ्या बापाने माझ्यापासून पोरीला वाचवायला दाराला कडी लावलीय."

आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य मी एका बंद दारासमोर, दहावी नापास माणसासमोर बोललो. त्याने आभारबिभार मानले नाहीत. "चपला घाल," म्हणाला, "घरी सोरतो."

त्याच्या काळ्या गाडीत मी त्याला म्हणालो, "हे मोहन्यातच का नको?"

"तेच तर बोलतंय मगाधरून," तो म्हणाला. "पन तू बीकाम. तुला टाइम लागतो."

मोहने

बाळारामच्या जमिनीचा जो एक तुकडा विकायचा राहिला आहे, त्यावर एक खोली आहे. पूर्वी तिथे भाताची पोती ठेवत. रस्त्याला लागून, नाक्यावरून सरळ दिसणारी. म्हणजे मोहन्यातली सगळ्यात वाईट जागा, म्हणून तीच घेतली. मी पाटी लिहिली. अक्षर माझं, त्याबद्दल बोलायला नको. "दारू सोडणाऱ्यांची बैठक. गुरुवार, संध्याकाळी सात. दार उघडं असतं." वहीबिही ठेवली नाही. कारणाचा रकाना नाही. चावी दोन जणांकडे, एकाला काही झालं तर दुसरा आहे.

पहिल्या गुरुवारी आम्ही दोघंच सतरंजीवर, आणि दारात बघ्यांची गर्दी. नाक्यावरचा एक जण ओरडला, "काय बीकाम, आज कोरडे?" बाळाराम आतून म्हणाला, "ये ना, तू पन वाळत बस." दुसऱ्या गुरुवारी बघे निम्मे. महिन्याभरात कोणी वळूनही बघेना. लाजेचं आयुष्य इतकं थोडं असतं हे आधी कळलं असतं तर माझा किती तरी प्रवास वाचला असता.

आता आम्ही नऊ जण आहोत. मोहन्याचे चार. बाकीचे कुठून येतात विचारू नका. डोंबिवलीचे ते गृहस्थ बदलापूर सोडून आमच्याकडे येतात, इथे आपल्याला कोणी ओळखत नाही म्हणून. आम्ही काही बोलत नाही. त्यांनाही टाइम लागेल. चहा बाळारामच्या घरून येतो. डोंबिवलीइतका चांगला नाही. सरांच्या सँडल्स परत द्यायला मी ठाण्याला जाऊन आलो. त्या गेल्यात हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. कारणाच्या रकान्यात मात्र मी ह्या वेळी खरं लिहिलं, "दारुडा आहे. सँडल परत करायला. आमची मिटिंग गुरुवारी, मोहन्यात." वॉचमनने वाचलं, आणि वहीवर हात ठेवून म्हणाला, "काका, गुरुवारी माझ्या भावाला पाठवू का?" तो भाऊ आता नऊ जणांतला एक.

मला अजूनही बहुतेक मिटिंगा हास्यास्पद वाटतात. आमचीही वाटते. एक जण दर गुरुवारी तीच गोष्ट सांगतो, दुसरा घोरतो. पण मी जातो. सुनीताने सांगितलं होतं, धरलेली सोडू नका.

त्यानंतर किती तरी महिने कडी रोज वाजत राहिली. मी कधी विचारलं नाही. मग एका रविवारी सकाळी श्रुती आतून म्हणाली, "अण्णा, ह्या कडीत माझी ओढणी अडकते. काढून टाका ना." अण्णांनी सुनेकडे पाहिलं. सुनीताने मान हलवली. अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला, तो मी दिला. त्यांचा हात आता फार थरथरतो, म्हणून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात परत दिला आणि माझ्या मनगटावर आपला हात ठेवला. चारही स्क्रू आम्ही दोघांनी काढले.

ह्या गुरुवारी मला चौदा महिने झाले. श्रुती कल्याणच्या माझ्याच कॉलेजात जाते. आतल्या खोलीच्या दाराला आता कडी नाही.